वजनकाटा नको, कडा मोजा

प्लास्टिक कार्डं मोजायला कडा मोजणारं मशीन घ्या म्हटलं की लोक विचारतात, 'गठ्ठा काट्यावर ठेवा, एका कार्डाच्या वजनाने भागा, मशीन कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. महाप्याला एमआयडीसीत कार्ड पॅकिंगला होतो तेव्हा आम्हीही तेच करायचो. पाचशेत एखादं कमी-जास्त निघायचंच. आणि बँकेचं एक कार्ड हरवलं की अख्खी शिफ्ट गेटवर अडकायची, ठाण्याची लोकल गेली उडत!

जाडी मोजणं तर त्याहून वाईट. आयएसओ ७८१० या कार्डांच्या मापाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कार्ड ०.७६ मिमी जाड, पण ०.०८ इकडेतिकडे चालतं. म्हणजे ५०० कार्डांचा ३८० मिमीचा गठ्ठा कागदोपत्री ४० मिमीने चुकू शकतो. एका लॉटमध्ये एवढा फरक पडत नाही, पण भरवसा काय?

कडा मोजणाऱ्या मशीनला जाडी-वजनाशी देणंघेणं नाही. गठ्ठा ट्रेमध्ये आडवा ठेवायचा, कडांवर प्रकाश पडतो, सेन्सर प्रत्येक कड आणि मधली काळी फट ओळखतो. कार्डाला स्पर्श नाही, त्यामुळे चुंबकीय पट्टीवर ओरखडेही नाहीत. खरी डोकेदुखी कार्डातल्या पारदर्शक थरांची: एकाच कार्डाच्या कडेत दोन-तीन रेषा दिसतात. म्हणून घ्यायच्या आधी डेमोला तुमचीच कार्डं न्या, मशीन विकणाऱ्याची नकोत.