शब्दचर्चा: 'पेम्फिगस व्हेजिटन्स'ला मराठीत काय म्हणावं?

केवडा: आत्याच्या बायॉप्सीत 'पेम्फिगस व्हेजिटन्स' निघालं. काखेत आणि जांघेत फोड येतात, फुटतात, मग तिथली कातडी जाड, ओली होऊन वर येते. 'व्हेजिटन्स' ऐकून तिने भाज्याच सोडल्यात. शेजारी गजकर्ण समजून तिच्याजवळ बसत नाहीत. घरात सगळ्यांना कळेल असा शब्द सुचवा.

रानवाट: आधी भाज्या सुरू करा! 'पेम्फिगस' हा ग्रीक 'पेम्फिक्स'वरून आला, म्हणजे फोड. 'व्हेजिटन्स' लॅटिन, म्हणजे वाढणारं, फोफावणारं. फुटलेल्या फोडाच्या जागी जे मांस वर येतं त्याचं ते वर्णन आहे, खाण्याशी त्याचा संबंध नाही. १८७६ साली व्हिएन्नाच्या न्यूमन यांनी याचं वर्णन केलं, १८८९ मध्ये पॅरिसच्या हालोपो यांनी. दोघांच्या नावाचे दोन प्रकार आजही मानतात. हालोपो प्रकार पुवाच्या पुळ्यांनी सुरू होतो आणि तुलनेने सौम्य असतो.

माझ्या मते 'घड्यांमधला मांसांकुरी फोडरोग' चालेल. 'मांसांकुर' शब्द वैद्यकीय मराठीत रुळलेला आहे.

पाणकोंबडा: आयुर्वेदातला 'विस्फोट' का नको?

रानवाट: तो फोडांच्या अनेक आजारांना लागतो, आणि आज ऐकणाऱ्याला बॉम्बच आठवेल. 'गजकर्ण', 'नायटा' हे तर मुळीच नकोत. ते बुरशीचे, संसर्गाने पसरणारे. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या 'डेस्मोग्लीन ३' या प्रथिनावर उलटते, म्हणून पेशी सुटतात आणि फोड येतो. हा आजार स्पर्शाने किंवा टॉवेलने पसरत नाही. म्हणून नावाला 'स्वप्रतिकार' जोडाच, शेजाऱ्यांसाठी तोच शब्द सगळ्यात कामाचा आहे.

केवडा: 'हेली-हेली' म्हणजे हेच का? तेही काखेत-जांघेत होतं म्हणे.

रानवाट: जागा त्याच, आजार वेगळा. त्याला पूर्वी 'कौटुंबिक सौम्य पेम्फिगस' म्हणत, तिथूनच हा गोंधळ आहे. तो जनुकातल्या दोषामुळे होतो, स्वप्रतिकार नाही. आत्यांच्या आजारात तोंडातही जखमा होतात, त्यामुळे तिखट झोंबत असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, त्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच कमी करतात.

केवडा: घरात 'न लागणारा फोडांचा आजार' म्हणायला लागलोय. फाइलवर मूळ नावच ठेवलंय.

पाणकोंबडा: 'न लागणारा' हेच उत्तम. माझा 'विस्फोट' मागे घेतो.