सल्ला हवा: हौशी बँडच्या पहिल्या बैठ्या मैफलीसाठी रचना कशा निवडाव्यात? (कोल्हापूर)

प्रश्न:
नमस्कार. आमचा बावीस जणांचा हौशी बँड येत्या २६ जूनला, शाहू जयंतीच्या सायंकाळी, कोल्हापुरातील एका सभागृहात पहिली मैफल करणार आहे. आजवर आम्ही मिरवणुकीत आणि शाळांच्या संचलनातच वाजवले असल्याने श्रोते तास-सव्वा तास शांत बसून ऐकणार, हा अनुभव आम्हाला नवा आहे. सात क्लॅरिनेट, चार ट्रम्पेट, तीन अल्टो सॅक्सोफोन, दोन ट्रॉम्बोन, दोन युफोनियम, एक ट्यूबा आणि तालवाद्यांवर तिघे, असा आमचा संच आहे. निम्मे वादक लग्नाच्या बँडमधून आलेले आणि कानावर वाजवणारे आहेत, तर उरलेले नोटेशन वाचतात. अडीच महिन्यांत काय झेपेल आणि पाश्चात्त्य रचना, नाट्यपदे व चित्रपटगीते यांचा मेळ कसा घालावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
अनेक वर्षे बँडमास्तर म्हणून काम केल्यावर माझे ठाम मत असे झाले आहे, की रचनांची यादी करण्याआधी ट्रम्पेटवाल्या चौघांच्या ओठांचा हिशेब करावा. आमच्या पहिल्या मैफलीत आम्ही प्रत्येकाच्या आवडीचे एकेक गाणे घेतले आणि जवळजवळ प्रत्येकाचा मुखडा ट्रम्पेटवर, तोही तारसप्तकात ठेवला. चाळिसाव्या मिनिटाला मुख्य ट्रम्पेटवादकाने बाजा खाली घेतला, तेव्हा त्याच्या ओठावर माउथपीसचे लालभडक वर्तुळ उमटले होते. पुढचा सूर लावायला गेला तर नुसती हवा आली, आणि शेवटची दोन गाणी क्लॅरिनेटवर कशीबशी निभवावी लागली. म्हणून ट्रम्पेटवर भार टाकणाऱ्या दोन रचना लागोपाठ घेऊ नका, आणि सर्वांत जड रचना मध्यंतराच्या अगदी आधी ठेवा.

दुसरा विचार पट्टीचा. तुमच्या क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर लिहिलेला सी म्हणजे पेटीवरची काळी पाच. काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्यांमध्ये बँड मोकळा वाजतो. गायकाच्या सोयीसाठी पांढरी दोन घेतलीत, तर क्लॅरिनेटला चार शार्प (चढे सूर) आणि अल्टो सॅक्सोफोनला पाच शार्प सांभाळावे लागतील, आणि नवख्या हातांची सारी शक्ती बोटे शोधण्यातच जाईल. गायक हवाच असेल, तर पट्टी त्याच्याशी आजच ठरवून घ्या.

पाश्चात्त्य रचनांपैकी गुस्ताव होल्स्ट यांचा १९०९ सालचा ई फ्लॅटमधील पहिला सूट, म्हणजे तीन भागांची वाद्यरचना, घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. तो सुमारे अकरा मिनिटांचा आहे, आणि त्यातील अनेक वाद्ये ऐच्छिक म्हणून लिहिलेली असल्याने ओबो किंवा बासून ही वाद्ये नसली तरी अडत नाही. पहिल्या भागात युफोनियम आणि ट्यूबा तीन मात्रांच्या आठ आवर्तनांची एक धून धीम्या लयीत मांडतात, आणि मग तीच धून निरनिराळ्या वाद्यांवरून फिरत राहते. ज्याच्या कानात लेहरा (तबल्यासोबत पुन्हापुन्हा फिरणारी धून) मुरलेला आहे, त्याला ही बांधणी समजावून सांगावी लागत नाही. त्यामुळे कानावर वाजवणारे आणि वाचून वाजवणारे इथे लवकर एकत्र येतात. तिन्ही भाग सलग वाजवावेत अशी होल्स्ट यांचीच विनंती आहे, तेव्हा मधला चपळ भाग क्लॅरिनेटवाल्यांकडून पहिल्या आठवड्यापासून घोटून घ्या. तो मेअखेर बसला नाही, तर सूट पुढच्या मैफलीसाठी राखून ठेवावा.

नाट्यपदांत कोल्हापूरकरांना गोविंदराव टेंबे यांच्याकडेच जावेसे वाटते, आणि ते योग्यही आहे. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाचे संगीत त्यांचे, त्यांचे निधन १९५५ साली आणि पदे लिहिणाऱ्या खाडिलकरांचे १९४८ साली झाल्याने आपल्याकडील साठ वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. त्यातील ‘शूरा मी वंदिले’ बँडला शोभते. मात्र ताना सर्वांनी मिळून घेऊ नयेत. त्या एकट्या क्लॅरिनेटला द्याव्यात, युफोनियमने खाली षड्ज-पंचम धरून ठेवावा आणि ट्रम्पेटने केवळ मुखड्याला यावे.

स्वतंत्र धून बांधायची असेल तर भूप किंवा दुर्गा राग घ्या, कारण तिथे उभे, म्हणजे न झुलवलेले, सूर चालतात. दरबारी रागाचा आंदोलित (झुलता) गंधार चाव्यांच्या वाद्यांतून सामूहिकपणे काढणे जवळजवळ अशक्य आहे. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणे) हवीच असेल तर ट्रॉम्बोनचा उपयोग करा. आपल्याकडे त्याला नुसता खरज धरायला बसवतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे. चित्रपटगीते दोनच घ्यावीत, आणि त्यांच्या परवानगीची चौकशी आताच सुरू करावी. जूनच्या दमट हवेत तबल्याची पुडी उतरते, तर वाद्ये फुंकून तापली की बँडचा सूर चढतो. यासाठी बँडने आधी पंधरा मिनिटे वाजवावे आणि मगच तबला मिळवावा.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. भूपातील धून, एक चित्रपटगीत, होल्स्ट, मध्यंतर, ‘शूरा मी वंदिले’, दुसरे चित्रपटगीत आणि शेवटी राज्यगीत, असा क्रम योजला आहे. तो योग्य वाटतो का?

प्रतिसाद १:
क्रम चांगला आहे. फक्त होल्स्टच्या आधीचे चित्रपटगीत सॅक्सोफोनवर ठेवा, म्हणजे ट्रम्पेटवाले ताज्या ओठांनी सूटला बसतील. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ सुरू होताच सभागृह गाऊ लागेल, तेव्हा त्याची पट्टी श्रोत्यांच्या गळ्याला झेपेल अशी ठरवा. पहिल्या कडव्यात ट्रम्पेटला पूर्ण विश्रांती देऊन दुसऱ्या कडव्यापासून चौघांना एकदम उभे करा.