नम्र असणं म्हणजे प्रत्येक कामाला 'हो' म्हणणं का?

मोहरीचा दाणा:
सगळ्यांना सलाम. आमच्या चर्चमध्ये खुर्च्या लावणं, साउंड, संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं त्याच चारपाच जणांच्या गळ्यात पडतं आणि त्यातलं कुणी 'या रविवारी नाही जमणार' म्हणालं की लगेच ऐकायला मिळतं, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हाला एवढं होत नाही? मला सेवा आवडते हो, पण हल्ली पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, आभार मानताना माझं नाव राहिलं की आत कुठेतरी टोचतं आणि मग वाटतं ही सेवा आहे का मिरवायची हौस. नम्र माणसाने नाही म्हणायचंच नसतं का?

साधा विश्वासी:
बायबलमधलं मत्तय ६:३ वाचा. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. नावाचा विचार सोडून द्या, प्रभू बघतोय. तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

दिवटी:
वचन बरोबरच आहे दादा, पण ज्याला टोचतंय त्याला 'सोडून द्या' म्हणून टोचायचं थांबतं का? पाय धुण्याची गोष्ट योहान १३ मध्ये आहे, ती आपण सगळे पाणी ओतलं तिथून सांगायला लागतो, त्याच्या आधीचं, त्या अध्यायातलं तिसरं वचन बघा, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार हे येशूला माहीत होतं, आणि मग तो जेवणावरून उठला. स्वतःला कमी लेखून नाही उठला, आपण कोण हे पक्कं ठाऊक होतं म्हणून दासाचं काम करायला त्याला जड गेलं नाही. आणि ज्यांचे पाय धुतले त्यात प्रभूला धरून देणारा यहूदा पण होता, तो त्यानंतर उठून बाहेर गेला, म्हणजे आभाराचं तर नावच काढू नका. लूक २२ प्रमाणे त्याच जेवणाला बाकीचे 'आपल्यात मोठा कोण' यावर भांडत होते, प्रभूने त्यांना समजावलं, हाकलून नाही दिलं. त्यामुळे टोचलं म्हणून सेवा खोटी ठरत नाही असं मला वाटतं. फक्त उद्यापासून जिथे नाव घेतात तेवढीच कामं निवडायला लागलात तर मात्र सावध व्हा.

नाही म्हणण्याबद्दल मार्क १:३५-३८ बघा. येशू पहाटे एकटाच प्रार्थनेला गेलेला असतो, शिष्य शिमोन शोधत येतो, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणतो, आणि येशू म्हणतो चला दुसऱ्या गावांना जाऊ. गर्दी तिथेच राहिली.

जुना वडील:
माझा मुद्दा थोडा वेगळा. पाय धुण्याचं वचन दुसऱ्याला कामाला लावायला वापरणारे लोक मला पटत नाहीत, अहो तिथे गुरूने स्वतः टॉवेल कमरेला बांधला, 'धाकट्यांनो उठा' नाही म्हटलं. मार्क १०:४२-४५, म्हणजे 'ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं', हे सुद्धा पुढारी व्हायला निघालेल्यांनाच सांगितलंय. कमिटीतल्यांनी आधी खुर्च्या उचलाव्यात, मग वचनं सांगावीत. सहाव्या शतकात बेनेडिक्ट नावाच्या ख्रिस्ती संताने मठाचे नियम लिहिले, त्यात स्वयंपाकघरातली सेवा आठवड्याच्या पाळीने ठेवली, पाळी संपवणारा आणि नवीन येणारा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, आणि जे अशक्त आहेत त्यांना मदतनीस द्यायचा म्हणजे ते कुढत काम करणार नाहीत. नम्रतेवर अख्खा अध्याय लिहिणारा माणूस पाळ्या लावत होता, आणि आपण पाळी मागितली की गर्विष्ठ!

मोहरीचा दाणा:
हे आवडलं. पण खुर्च्यांचं ठीक आहे, नाही लावल्या तर लोक उभे राहतील. मी भेटीला नाही गेले तर तो आजारी माणूस एकटाच राहतो, तिथे नाही कसं म्हणू?

दिवटी:
ताई, तिथे नाही म्हणू नका, एकट्या जाऊ नका. निर्गम १८ मध्ये एकटाच सगळ्यांचा न्यायनिवाडा करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो हेच सांगतो, तू पण थकशील आणि हे लोक पण थकतील. कधीच न गेलेल्या एकाला सोबत घ्या, दोनतीनदा बरोबर न्या, मग त्याला एकट्याला जाऊ द्या. तो तुमच्यासारखं बोलणार नाही, प्रार्थना अडखळत करेल, चालेल. आणि कुणी तुमचं काम करायला पुढे आलं की 'राहू दे, मीच करते' म्हणू नका, शिष्यांमधला पेत्र पण आधी प्रभूकडून पाय धुवून घ्यायला तयार नव्हता.

साधा विश्वासी:
पेत्राचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ताई, पाळीचा कागद बनवलात की इथे टाका, आमच्या मंडळीलाही लागेल.