३१ टक्के सांगायचे की हजारात एक?

परिचारिका_परळ: नर्सिंगच्या विद्यार्थिनींना पुरावाधिष्ठित उपचार शिकवताना मी टाटा मेमोरियलचा मुंबईतील वस्त्यांमधला अभ्यास घेते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. विद्यार्थिनी हाच आकडा वस्तीत सांगतात आणि ऐकणारीला वाटते की शंभरातल्या ३१ जणी वाचतात. प्रत्यक्षात वर्षाला लाख स्त्रियांमागे १६.२ ऐवजी ११.१ मृत्यू झाले, म्हणजे फरक जेमतेम पाचांचा. माझ्या मते हा दुसरा आकडा आधी शिकवला पाहिजे.

दवाखाना_कुर्ला: मी असहमत आहे. कामावर खाडा करून आलेल्या बाईला ‘लाखात पाच’ ऐकवले, तर ती तपासणी न करताच परत जाईल. शिवाय तुमचा आकडा एका वर्षाचा आहे, आणि ती काही एकच वर्ष जगणार नाही. वीस वर्षांचा ढोबळ हिशेब केला, तर हजारात एक जीव वाचतो. लहान दिसणारा आकडा निवडणे हीसुद्धा दिशाभूलच.

परिचारिका_परळ: वर्षाचा मुद्दा मान्य, ‘हजारात एक’ उद्यापासून फळ्यावर लिहीन. टक्के मात्र तरीही नकोत, कारण त्याच प्रकल्पात हाताने केलेल्या स्तनतपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले तेव्हा मृत्यूंमधली एकूण घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम ठरली नाही, म्हणजे ती निव्वळ योगायोगही असू शकते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मात्र ती जवळपास ३० टक्के होती. टक्केच पाठ केलेली मुलगी चाळिशीतल्या बाईलाही बिनदिक्कत ‘३० टक्के’ सांगेल.

दवाखाना_कुर्ला: तो दोष टक्क्यांचा नाही, अर्धवट शिकवण्याचा आहे.

वस्ती_सेविका: मी दारोदार फिरते, म्हणून लिहिते. आजवर मला कोणीही टक्के विचारले नाहीत आणि लाखातले पाचही विचारले नाहीत. दुखेल का, तपासणारी बाईच असेल ना, काही निघाले तर पुढचा खर्च कोण करणार, हेच प्रश्न येतात. पुरावाधिष्ठित उपचारांचे एक प्रवर्तक डॉ. डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ मध्ये केलेल्या त्या उपचारांच्या व्याख्येत पुरावा आणि डॉक्टरचा अनुभव यांच्या जोडीला रुग्णाची पसंतीही होती. आमच्या प्रशिक्षणात त्या तिसऱ्या भागाला एकही तास नव्हता.

दवाखाना_कुर्ला: तो तास जरूर ठेवा. पण बाहेर चाळीस जण ताटकळत असताना एवढे प्रश्न ऐकायला मी वेळ कुठून आणू, हेही त्याच तासात शिकवा.