दारू आणि मटका खरंच रक्तात असतो का?

डिचोलीकर: आमचे आजोबा पीत होते, बाबा पितात, काका दारूला शिवत नाहीत पण आकडा लावल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही, आणि आता धाकटा भाऊ दोन्हीकडे. आई बोलली की म्हणतो आमच्या रक्तातच आहे, मी काय करू. हे खरं की पळवाट? माझा मुलगा यंदा कॉलेजला जाणार म्हणून विचारतोय, टोमणे नकोत.

फोंड्याची बाय: अर्धं खरं रे. जुळ्यांच्या अभ्यासात दारूच्या व्यसनात अनुवंशिकतेचा वाटा साधारण 50 टक्के निघतो, जुगारातही जवळपास तेवढाच. म्हणून मुलाला 50 टक्के चान्स असं मात्र नव्हे हां, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला निम्मा जनुकांचा, एवढंच. दारूचं एकच जनुक असंही काही नाही, पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा हात असतो. आणि दोन्ही व्यसनांची मुळं काही प्रमाणात सारखी, तेव्हा बाबा बाटलीकडे नि काका मटक्याकडे यात नवल नाही.

मांडवीकाठचा: मग 2020 पासून गोंयकारांना कॅसिनोत बंदी आहे ती कशाला 😀 मटका तर नाक्यावर मिळतोच. हाताशी नसेल तर जनुकं काय करणार?

निवृत्त नर्स: एक गोष्ट कोणी सांगत नाही. "आमचा बाब अर्धी बाटली हुर्राक (काजूची दारू) मारून पण सरळ चालतो" असं लग्नात कौतुकाने सांगतात ना, तीच खरी धोक्याची खूण. अमेरिकेत मार्क शुकिट यांनी दारुड्या बापांच्या तरुण मुलांना मोजून दारू दिली, ज्यांना कमी चढली त्यांच्यातच पुढे व्यसन जास्त निघालं. चढत नाही म्हणून पेग वाढतो. उलट चीन-जपानकडे बऱ्याच जणांत एक जनुक असं असतं की घोटभर घेतली की तोंड लालबुंद, मळमळ, त्यांच्यात व्यसन कमी. मुलाला हेच सांग, चढत नाही यात मर्दुमकी नाही.

डिचोलीकर: भाऊ डिट्टो तसाच, सगळे झिंगले तरी हा टेबल आवरतो. आता काय करू?

निवृत्त नर्स: बांबोळीला मनोरुग्णालयात व्यसनमुक्तीची ओपीडी आहे, गोळ्या आणि काउन्सेलिंग दोन्ही मिळतं. फोनवर बोलायचं तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलीमानस 14416, फुकट. रोजचा पिणारा असेल तर एकदम बंद करायला लावू नको, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर. आणि त्याला एकट्याला पाठवू नको, अर्ध्या वाटेवरून परत फिरतात.

फोंड्याची बाय: काकांना पण घेऊन जा, जुगाराचं पण बघतात तिथे.

डिचोलीकर: काका? ते म्हणतील आधी आजचा मटक्याचा ओपन आकडा येऊ दे.