मदत हवी आहे: उंदरांच्या वेदना बी-१ मुळे कमी होतायत की द्रावणातल्या आम्लामुळे?

नमस्कार मंडळी,

एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी. थायमिन (बी-१) उंदरांमध्ये वेदनाशामक म्हणून चालतं का, हा प्रोजेक्ट. ब गटातल्या जीवनसत्त्वांचा असा परिणाम प्राण्यांमध्ये आधीच दाखवला गेलाय, डायक्लोफेनॅकसोबत दिल्यावर त्याचा जोर वाढतो हेही. त्यामुळे जगावेगळं काही शोधायचं नव्हतंच.

स्विस अल्बिनो उंदीर, थायमिन १०० मिग्रॅ/किलो, १० मिलि/किलो या हिशेबाने आय.पी. (पोटाच्या पोकळीत इंजेक्शन). अर्ध्या तासाने, वेदना उठवायला, ०.६% अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, तेही आय.पी. उंदीर अंग आकसतो, पोट जमिनीला टेकवून मागचे पाय लांब ताणतो. ते ताण मोजायचे. थायमिनच्या गटात ते चांगलेच कमी झाले. फॉर्मॅलिन टेस्टमध्ये (पंजात फॉर्मॅलिन टोचून उंदीर तो किती चाटतो ते बघायचं) पहिली ५ मिनिटं फरक नाही, पण १५ ते ३० मिनिटांच्या टप्प्यात पंजा चाटणं घटलं. ५५ अंशांच्या हॉट प्लेटवर काहीच नाही. रोटारॉडवर (फिरत्या दांड्यावर) उंदीर नीट टिकतात, म्हणजे गुंगीचाही प्रश्न नाही. गाईड खूश!

आणि इथेच माशी शिंकली. नुसतं थायमिन दिलेले उंदीरसुद्धा सुईनंतर थोडा वेळ पोट आत ओढून बसतात. पीएच मीटर लावला तर द्रावण ३ च्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी. फार्माकोपियातही (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) १% थायमिन हायड्रोक्लोराइडचा पीएच २.७ ते ३.४ दिलाय. ०.६% अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा साधारण २.९ येतो. म्हणजे एक आम्ल टोचून त्याच जागी दुसरं आम्ल टोचायचं आणि वेदना कमी झाल्या म्हणायचं! फॉर्मॅलिनचा निकालही संशयात येतो, कारण पोटात दुखत असेल तर पंजा कोण चाटत बसणार?

सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच वाढवावा तर थायमिन अल्कलीत टिकत नाही. तोंडावाटे द्यावं तर शोषण कमी, शिवाय रूट बदलायला एथिक्स कमिटीकडे पुन्हा अर्ज. सलाइनमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालून पीएच ३ चा कंट्रोल गट ठेवला तर एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) मान्य करतील का? कुणी हे हाताळलंय?

प्रतिसाद १
त्या कंट्रोलने भागणार नाही. पीएच सारखा असला तरी आम्लाचा साठा सारखा नसतो. पीएच ३ च्या सलाइनमध्ये आम्ल जेमतेम ०.००१ मोलर. तुमचं १% थायमिन ०.०३ मोलर आहे आणि उदासीन करताना जवळपास तितकाच अल्कली खातं. अ‍ॅसिटिक ०.१ मोलर. पोटातल्या पडद्याला हा सगळा साठा झेलावा लागतो. कंट्रोलमध्ये तेवढंच आम्ल येईल असा बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण) घ्या.

आणि अल्कलीचा एवढा धसका नको. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, ढवळत, ६.५ पर्यंत न्या आणि लगेच टोचा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वापरायचं नाही, बस्स.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. पण आधी उदासीन केलेलं द्रावण नुसतंच देऊन बघा. उंदीर पोट ओढेनासे झाले तर गुन्हेगार सापडला. त्यानंतरही ताण कमी येत असतील तर निकाल थायमिनचाच. तोंडावाटेचा अर्ज मात्र आत्ताच टाकून ठेवा, कमिटीची बैठक काही आपल्या सबमिशनच्या तारखा बघून होत नाही.