ख्रिस्ती संस्थेत पीजी (पदव्युत्तर शिक्षण) करताना राहायची सोय आणि मदत : तुमचे अनुभव लिहा

मरीनलाइन्स : ओळखीतल्या एका मुलीला यंदा मुंबईत एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या एमएला, सीट मिळाली. घरात सगळे फीचं बोलतायत, राहणार कुठे हे कुणी विचारतच नाहीये. मिशनऱ्यांनी काढलेली कॉलेजं इथे भरपूर, विल्सन १८३२ चं, झेवियर्स १८६९ चं, निर्मला निकेतन १९५५ चं, पण कॉलेज जुनं आणि नावाजलेलं म्हणून खोली मिळेलच असं अजिबात नाही. माझं तर स्पष्ट मत आहे, खोलीची सोय लागेपर्यंत सीट मिळाली असं म्हणूच नये. ज्यांनी अशा ठिकाणी पीजी केलंय, सेमिनरीत (पाळक-फादर घडवणाऱ्या संस्थेत) राहिलेत, त्यांनी लिहा. हॉस्टेल, मेस, स्कॉलरशिप, कौन्सेलर, सगळंच. तक्रार असेल तर संस्थेचं नाव नको, पण खरं लिहा.

सोलापूरची : मी निर्मला निकेतनला होते. राहायला सिस्टर्सनी चालवलेलं एक हॉस्टेल मिळालं, तिघींत एक खोली, कपाटाला कुलूप आपलं आपण आणायचं. गेट लवकर बंद व्हायचं आणि माझं फिल्डवर्क गोवंडीला, तिथल्या बायका कामावरून घरी येणार सातनंतर, मग होम व्हिजिट दुपारी करून उपयोग काय, त्यामुळे परतीच्या हार्बरमध्ये नुसती धाकधूक. शेवटी आमच्या सुपरवायझर मॅडमनी वॉर्डन सिस्टरना स्वतः फोन केला आणि लेटरहेडवर पत्र दिलं, की हिला या दोन वारी उशीर होणार. त्यानंतर सिस्टर माझं ताट झाकून ठेवायला लागल्या, वर चिठ्ठी, ‘वरण गरम करून घे’. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. आणि हो, मी हिंदू घरातली, आईला गल्लीतल्या लोकांनी फार घाबरवलं होतं म्हणून मुद्दाम लिहिते, मला कुणी चॅपलमध्ये ये म्हणालं नाही. रविवारी सिस्टर्स मिस्साला जायच्या म्हणून नाश्ता उशिरा, एवढाच काय तो फरक.

नगरकर : पैशाचं कुणी नीट बोलत नाही म्हणून लिहितो. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळ महार समाजातले, पणजोबांच्या वेळी मिशनमध्ये आलो. पीजीला माझा रूममेट नवबौद्ध, दोघांनाही सरकारी हॉस्टेल मिळालं नाही. त्याला स्वाधार योजना लागली, ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना हॉस्टेल मिळालं नाही तर पैसे देते, मुंबईत जेवण-खोली-किरकोळ धरून वर्षाला ६०,००० रुपये. मला नाही. कारण १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत फक्त हिंदू, पुढे १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध घेतले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. खोली एक, भाडं एक, गावाकडची परिस्थिती सारखीच. लोकांना वाटतं चर्च देत असेल की सगळं. आमच्या चर्चच्या मंडळीने वर्गणी काढून पहिल्या वर्षाचं डिपॉझिट भरलं, पण ती पण रोजंदारीवर जाणारी माणसं, किती देणार. माझ्याकडे दाखला ओबीसीचा आहे. आता ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आलीय, मुंबईत रक्कम तेवढीच, जागा मात्र मोजक्या, माझ्या वेळी ती नव्हती. त्या मुलीचा दाखला कुठला आहे ते आधी बघा ताई, आणि उत्पन्नाचा दाखला गावाकडूनच काढून आणायला सांगा, इथे आल्यावर तहसीलच्या खेपा परवडत नाहीत.

भायखळ्याची : आमचे मिस्टर पाळक आहेत. लग्नानंतर एमटीएच (ईश्वरविज्ञानातली मास्टर्स) करायला गेले तेव्हा पदरात लहान मुलगी. सेमिनरीत फॅमिली क्वार्टर मिळालं म्हणून तरी संसार एकत्र राहिला. दीड खोली, आधीचं कुटुंब गेलं ते जाताना गॅसची शेगडी, पाळण्याचा दोर आणि दोन बादल्या ठेवून गेलं, आम्ही निघताना तशाच पुढच्यांना दिल्या. ग्रंथालय, गाइड, मार्गदर्शन सगळं त्यांना. मला तिथे कुणी ओळखायचं ते ‘अमक्याची मिसेस’ म्हणून. मग एका प्राध्यापकांच्या पत्नीने संध्याकाळी बायकांचा वर्ग सुरू केला, इंग्लिश, संडे स्कूल कसं घ्यायचं, थोडं शिवणकाम, आणि मुलं सांभाळायला पाळीने एक जण. त्या वर्गाने मला तारलं. विवाहित विद्यार्थी घेता तर बायकोचा, मुलांच्या शाळेचा विचार आधी करा, असं मी प्रत्येक बोर्डाला सांगीन.

वसईकर : मला दिसायला फार कमी. घरूनच जायचो, दिव्यांगांच्या डब्यातून. झेवियर्समधलं एक्सआरसीव्हीसी, म्हणजे न दिसणाऱ्या आणि कमी दिसणाऱ्यांसाठीचं केंद्र, २००३ पासून चालू आहे, त्याची माहिती मला उशिरा मिळाली. पुस्तकं स्कॅन करून स्क्रीन रीडरला वाचता येतील अशी मिळतात म्हटल्यावर अर्धं ओझं उतरलं. परीक्षेला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा हा आपला हक्क आहे, अर्ज वेळेत द्या.

अनामिक : मी वाईट काळातून गेलो. एका कॉलेजात कौन्सेलर होते पण आठवड्यातून ठरावीक दिवशीच, आणि त्यांच्या खोलीचं दार ऑफिसच्या बरोब्बर समोर, रांगेतली पोरं बघायची कोण आत जातंय. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो. चॅप्लेन फादरना, म्हणजे कॉलेजच्या धर्मगुरूंना, बोललो तर त्यांनी प्रार्थना केली आणि लगेच विचारलं, डॉक्टरकडे मी सोबत येऊ का. आले पण. टॅक्सीत एक शब्द बोलले नाहीत, मला तेच हवं होतं. कुणाला गरज असेल तर टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, रात्री पण, मराठीत बोलतात.

सोलापूरची : एक राहिलं. मे महिन्यात हॉस्टेल बंद राहतं का ते विचारून घ्या. आमचं व्हायचं, आणि डिझर्टेशन तर तेव्हाच ऐन रंगात. मी मैत्रिणीकडे डोंबिवलीला राहिले, सगळ्यांना अशी मैत्रीण नसते.

मरीनलाइन्स : मे महिन्याचं डोक्यातच नव्हतं. उद्याच फोन करून विचारते. नगरकर, दाखला ओबीसीचाच आहे तिचा, आधार योजनेला कुठली कागदपत्रं लागली ते कुणाला विचारून सांगता येईल का?